न पडणारा किल्ला

भैरवकडा पडला तेव्हा राजनंदिनी कडवेकर सांगलीत, विश्रामबागेतल्या आपल्या ऑफिसात, चहाचा कप घेऊन उभी होती. समोरच्या पडद्यावर पुण्याचा एक तरुण त्यांचा अजून बाजारात न आलेला नवा खेळ चाचणीसाठी खेळून दाखवत होता आणि हजारो लोक त्याला थेट बघत होते. तो मोगलांच्या बाजूनं खेळत होता. बराच वेळ त्यानं किल्ल्याला वेढा घालून ठेवला होता आणि आता तो कंटाळत चालला होता. तेवढ्यात किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला. बुरुजावरचं निशाण उतरलं. तो तरुण खुर्चीतून उसळून ओरडला, "विकला गेला रे! कडवेकर विकला गेला!"

ऑफिसात टाळ्या झाल्या. खेळ कुठं अडकला नव्हता, बंद पडला नव्हता, बघणारा खूश होता. राजनंदिनीनं मात्र कप टेबलावर ठेवला आणि ती खाली बसली. किल्लेदार कडवेकर तिच्या घराण्याचा मूळपुरुष. आणि त्या दरवाजाची आतली सगळी यंत्रणा तिनं स्वतःच्या हातानं बांधलेली.

मी मेढ्याला राहतो, एका सातारच्या दैनिकाला बातम्या देतो. राजनंदिनीला, म्हणजे आमच्याकडच्या नंदाला, मी ती शाळेत होती तेव्हापासून ओळखतो. पुढं देवळात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सांगलीतलं तिनं आणि तिच्या ऑफिसच्या मालकानं, कुणालनं, मला नंतर सांगितलं.

नंदाचं गाव कडवे. मेढ्यापासून वर डोंगरात, भैरवकडा किल्ल्याच्या पायथ्याशी. गावात निम्मी घरं कडवेकरांची. भातशेती, थोडी स्ट्रॉबेरी, आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एकजण तरी फौजेत. नंदाचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला आणि तिच्या आईला, सुलाबाईंना, सांभाळलं ते थोरल्या चुलत्यांनी. सुभेदार हिंदुराव कडवेकर. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. सुट्टीवर आले की तात्या नंदाला ओसरीवर बसवून बुद्धिबळ शिकवायचे, आणि हरवायचेही. लहान आहे म्हणून एक प्यादं कधी सोडलं नाही. खेळता खेळता किल्ल्याची गोष्ट सांगायचे. सतराव्या शतकाच्या अखेरीला मोगलांनी वेढा घातला, कडवेकरांनी पाऊसकाळभर किल्ला लढवला, शेवटी कुमक आली आणि वेढा उठला. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. पण कडवे गावात तिच्यावर कुणी शंका घेतलेली मी ऐकली नाही.

नंदा सांगलीला इंजिनिअर झाली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि पुन्हा सांगलीला आली, कारण कुणालनं तिला बोलावलं. कुणाल आष्ट्याचा, हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचा धंदा सोडून मोबाईलवरचे खेळ बनवायचा. आधी पत्त्यांचे, कॅरमचे असले किरकोळ खेळ झाले. मग त्यांनी मोठा घाट घातला. 'मसलत' नावाचा खेळ. तीनशे वर्षांपूर्वीचा दख्खन. खेळणाऱ्यानं एक सत्ता घ्यायची, सरदार सांभाळायचे, तह करायचे, वसूल गोळा करायचा, आणि वेळ आली की लढायचं. यातलं लढण्याचं अंग नंदाकडं आलं.

"बाकीच्या खेळांत लढाई म्हणजे वजाबाकी असते," ती मला एकदा म्हणाली होती. "माझी माणसं जास्त, तुझी कमी, मी जिंकलो. असं कधी होत नसतं."

तिनं वेगळं केलं. तिच्या खेळात फौज आधी चालते, मग खाते, आणि जमलंच तर लढते. एका खोऱ्यात मोठी छावणी पडली की थोड्या दिवसांत तिथला चारा संपतो, बैल मरायला लागतात, आणि बैल मेले की तोफा जागच्या जागी राहतात. नदीला पाणी आलं की रसद पलीकडं अडकते. किल्ल्यांसाठी तिनं शिबंदीचं मन मोजलं. किल्ल्यातल्या माणसांचा धीर एका पट्टीवर दिसायचा. धान्य घटलं, टाक्यातलं पाणी आटलं, पगार थकला, साथ आली, शेजारचा किल्ला पडल्याची बातमी आली की पट्टी खाली सरकायची. किल्लेदाराची निष्ठा तिला धरून ठेवायची. पट्टी तळाला गेली की दरवाजा उघडायचा. कधी किल्लेदार उघडायचा, कधी त्याला बाजूला सारून त्याचीच माणसं.

भैरवकडा तिनं हौसेनं खेळात घातला होता. किल्लेदार कडवेकराची निष्ठा तिनं साऱ्या खेळात सगळ्यांत जास्त ठेवली होती. घरच्या माणसाचा तेवढा लाड तिनं केला. तरीही किल्ला पडला.

पुण्याच्या तरुणाच्या ओरडण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडच्या सगळ्या मोबाईलवर होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्याच लेकीनं आपल्या घराण्याला फितूर ठरवलं.' माझ्याकडं तो दुपारपर्यंत नऊ-दहा जणांकडून आला.

संध्याकाळी नंदाला फोन आला.

"हिंदुराव बोलतोय."

तात्यांनी तिला फोनवर आपलं नाव कधी सांगितलं नव्हतं.

"तात्या, मी तुमाला फोन करणारच व्हते."

"किल्ला तू पाडलास?"

"मी न्हाई पाडला. तो डाव हाय, तात्या. त्यात लय गोष्टी एकावर एक..."

"दरवाजा उघडायची सोय कुणी ठेवली?"

"मी," नंदा म्हणाली.

"मग तूच पाडलास," तात्या म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर तिनं सहा-सात वेळा फोन केला. तात्यांनी उचलला नाही. आईनं उचलला, पण सुलाबाईंना काय बोलावं कळेना. "गावात लय तापलंय, बाळा. तू आता येऊ नगंस," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

दोन दिवसांनी तीन जीप भरून माणसं सांगलीत उतरली. पुढं मानसिंग होता. मानसिंग कडवेकर म्हणजे नंदाच्या भावकीतला, वयानं बराच मोठा. खडीचा क्रशर चालवतो, कडवेकर मंडळाचा कारभार बघतो. त्याच्याबद्दल वाईट लिहिणं सोपं आहे, म्हणून एक सांगतो. भैरवकड्यावरची टाकी गाळानं बुजली होती. मानसिंगनं पोरं गोळा करून वर्षानुवर्षं रविवारी रविवारी तो गाळ उपसला. पायऱ्यांचे ढासळलेले दगड खांद्यावर वाहून पुन्हा बसवले. सरकारनं त्या किल्ल्याला पाटीसुद्धा लावली नव्हती, तेव्हा तो हे करत होता. त्याचा राग खोटा नव्हता.

ऑफिसात शिरताना काचेचं दार कुणाच्या तरी लाथेनं फुटलं. आतली मुलं भिंतीला लागून उभी राहिली. कुणाल पुढं आला, त्याला मानसिंगच्या माणसांनी मागं ढकललं.

"नंदा," मानसिंग म्हणाला, "तुज्या बापाला मी खांदा दिलाय. म्हणून हात लावत न्हाई कशाला. न्हाईतर हितलं एक मशीन ठेवलं नसतं."

"मानसिंगदादा, बसा. मी दाखवते काय हाय ते."

"मला बघायचं न्हाई. बघितलं जगानं. एक काम कर. आमचा किल्ला पडायचा न्हाई, एवढी सोय कर. आनि रविवारी देवळात ये, सगळ्यांफुडं सांग, चुकी झाली म्हणून. न्हाई आलीस तर फुडच्या बारीला मी बोलत बसनार न्हाई."

ते गेले. काचांवरून चालायची भीती वाटत होती. मग कुणालनं झाडू आणला आणि स्वतःच काचा गोळा करायला लागला.

"नंदा, एक ओळ आहे," तो खाली बघत म्हणाला. "एका ओळीचं काम. भैरवकडा पडत नाही. झालं. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळेल."

"अगं, या पोरांच्या आयांचे फोन येतायत मला. उद्यापासून पाठवत नाही म्हणतात. दोन महिन्यांवर खेळ बाजारात जायचाय. मी काय करू?"

त्याचं चुकत नव्हतं. नंदानं खुर्ची ओढली आणि ती ओळ लिहिली. भैरवकड्याची पट्टी किती खाली गेली तरी दरवाजा उघडणार नाही. लिहायला फार तर मिनिट लागलं. मग तिच्या सवयीप्रमाणं तिनं तपासून पाहिलं. खेळात माणूस न बसवता सगळ्या बाजू कॉम्प्युटरलाच खेळायला द्यायच्या आणि वर्षं भराभर पळवायची, अशी सोय तिच्याकडं होती.

पहिल्या खेपेला मोगलांची फौज भैरवकड्याखाली येऊन बसली. बसली ती बसलीच. बैल मेले, माणसं मेली, किल्ला हलला नाही. दुसऱ्या खेपेला फौज थोडी कमी वेळ बसली. कॉम्प्युटर शिकत होता. पुढं पुढं कुणी त्या वाटेलाच जाईना. आजूबाजूचे किल्ले पडत होते, परत घेतले जात होते, खोरी जळत होती, तह होत होते. भैरवकड्यावर कुणी चालून येत नव्हतं. तिथं एकही लढाई झाली नाही. किल्लेदार कडवेकर म्हातारा होऊन मेला आणि खेळानं त्याची नोंदसुद्धा घेतली नाही, कारण त्यानं काही केलंच नव्हतं.

नंदानं कुणालला बोलावलं. तो तिच्या मागं उभा राहून बघत राहिला.

"कुणी येतच नाही," तो म्हणाला.

"जो पडू शकत नाही त्याच्यावर कोण येईल? आणि कुणी आलंच नाही तर किल्लेदारानं राखलं काय?"

तिनं ती ओळ पुसली. कुणाल बाहेर जाऊन आला, तोंडावर पाणी मारून आला, आणि म्हणाला, "रविवारी मी गाडी घेऊन येतो. एकटी जायचं नाहीस."

रविवारी सकाळी ते सांगलीहून निघाले. कराड मागं पडलं, साताऱ्याला थांबून नंदानं काही खायचा प्रयत्न केला आणि तसंच ठेवलं. मेढ्यात मी त्यांच्या गाडीत बसलो. गाडीत कुणी रेडिओ लावला नाही. कडव्याच्या अलीकडं वळणावर मंडळाची चार पोरं मोटरसायकली आडव्या लावून उभी होती. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं, फोन केला आणि मग वाट दिली.

भैरोबाच्या देवळाचा सभामंडप भरला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बायकांत पुढंच सुलाबाई बसल्या होत्या. लेक आत आली तरी त्या उठल्या नाहीत, फक्त तिच्याकडं बघत राहिल्या. पुढं जाजमावर तात्या. पांढरा सदरा, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मंडळाचे अध्यक्ष तेच. नंदा त्यांच्या पाया पडली. त्यांनी आशीर्वाद दिला नाही आणि पायही मागं घेतले नाहीत.

मानसिंग उभा राहिला. थोडक्यात बोलला, पण जे बोलला त्यानं मंडप पेटला. आपल्या मूळपुरुषाला परक्यानं शिवी दिली असती तर त्याला आपण सोडलं असतं का? मग घरचीला का सोडायचं? मागून आरोळ्या आल्या. एकजण म्हणाला, हिचं नाव कुळातनं काढा. नंदा लॅपटॉपची वायर हातात तशीच धरून उभी राहिली.

"मी चुकी झाली म्हणून सांगायला आले न्हाई," ती म्हणाली.

एकदम गलका झाला. तात्यांनी हात वर केला.

"तुमी म्हणता तसं करून बघितलं मी. किल्ला पडायचा न्हाई असं केलं. तर कुणी चालूनच येईना, मानसिंगदादा. कडवेकरांचं नावच उरलं न्हाई. लढाईच झाली न्हाई."

"शब्दांत गुंडाळू नगंस!" मानसिंग ओरडला.

"मग गुंडाळत न्हाई. तुमी खेळा. आत तुमी बसा, किल्लेदार म्हणून. मोगलांकडनं कॉम्प्युटर खेळंल, मी बाजूला ऱ्हाते. राखून दाखवा."

मानसिंगनं तात्यांकडं पाहिलं.

"टीव्ही आणा पंचायतीतला," तात्या म्हणाले.

टीव्ही आला, बाकावर ठेवला, वायरी जोडल्या. मानसिंग लॅपटॉपसमोर मांडी घालून बसला. पडद्यावर भैरवकडा उभा राहिला, खाली खोरं, आणि खोऱ्याच्या तोंडाशी मोगलांची छावणी. मंडपातली माणसं नकळत पुढं सरकली.

मानसिंग खेळला, आणि खरोखर चांगला खेळला. वेढा आवळायच्या आधीच त्यानं बायकापोरं डोंगरामागच्या गावांत पाठवून दिली. धान्य मोजून द्यायला लावलं. कुठलं टाकं उन्हाळ्यात आटतं हे त्याला पाठ होतं. त्या टाक्यातलं पाणी त्यानं आधी वापरलं आणि दुसरं राखून ठेवलं. खेळाच्या एका फेरीत, अंधाऱ्या रात्री, माणसं खाली सोडून त्यानं शत्रूची दारूगोळ्याची गाडी पेटवली. मंडपात शिट्ट्या झाल्या. मोगलांकडून निरोप आला, किल्ला द्या, मोठं वतन घ्या. मानसिंगनं तो धुडकावला आणि वळून सगळ्यांकडं पाहिलं. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" मंडप दणाणला.

महिने सरकत होते. धान्याचा आकडा उतरत होता. किल्ल्यात ताप आला. पट्टी खाली सरकायला लागली, आणि ओरडणारी माणसं हळूहळू गप्प झाली.

"कुमक कुठवर आली?" कुणीतरी विचारलं.

"ती दिसत न्हाई आतनं," नंदा म्हणाली.

थोड्या वेळानं दुसऱ्यानं तेच विचारलं. मग बायकांतून विचारलं गेलं. मानसिंग स्वतःच पडद्याच्या कडेला, जिथं वाट संपत होती तिथं, पुन्हा पुन्हा जाऊन बघत होता. धान्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्या मंडपाचे डोळे त्या रिकाम्या वाटेवर होते.

दुसरा निरोप आला. मानसिंगनं तोही धुडकावला, पण या वेळी कुणी आरोळी दिली नाही. पट्टी लाल झाली. त्यानं अजून एक फेरी काढली, अजून एक. आणि मग दरवाजा उघडला.

किल्लेदार शेवटपर्यंत नाही म्हणाला होता. शिबंदीनं त्याला मारून दरवाजा उघडला. पडद्यावर निशाण उतरलं आणि सगळा नकाशा उजळला, कारण खेळ संपला की काही लपवायचं राहत नाही. त्या नकाशावर दोन खिंडी पलीकडं भगव्या निशाणाची फौज दिसली. ती निघालेली होती. येत होती.

"आगं आई!" बायकांतून कुणीतरी कळवळून म्हणालं.

मानसिंग मग उठला आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. "आधीच ठरवलेलं हाय ह्या मशीनीत! कसं बी खेळा, पडनारच!" वायर ताणली, टीव्ही बाकावरून घसरला आणि फरशीवर आपटला. कुणाल आडवा गेला. मानसिंगच्या मागच्या दोघांनी त्याला धक्का दिला, तो खांबावर आदळला आणि त्याचा ओठ फुटला. पुरुषांची सगळी बाजू उठून उभी राहिली. मला वाटलं, आता आवरत नाही. सुलाबाई उठून लेकीपुढं येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात पसरून.

"मानसिंग. खाली ठेव."

तात्या उठले नव्हते. आवाजही फार मोठा नव्हता, पण तो आवाज गावातल्या निम्म्या पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या छावणीत कुणाकडून तरी ऐकलेला होता. ते थांबले.

"तात्या, तुमच्या डोळ्यांदेखत ही..."

"बघितलं मी. तू चांगला लढलास. ठेव खाली."

मानसिंगनं लॅपटॉप खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला.

नंदानं मला पुढं सांगितलं की त्या क्षणाला तिला मारतील अशी खरी भीती वाटत होती, आणि त्याच भीतीत तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत होतं. तिनं धान्य मोजलं होतं, पाणी, पगार, ताप, सगळं मोजलं होतं. पण मंडपातलं एकही माणूस त्यातलं काही विचारत नव्हतं. ती सगळी एकच गोष्ट विचारत होती: कुणी येतंय का?

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्या फोननंतर पहिल्यांदा.

"बोल."

"तात्या, मी किल्ला न पडणारा करणार न्हाई," ती आईच्या खांद्यावरून म्हणाली. "तसं केलं तर दादांनी आत्ता जे केलं त्याला काय किंमत? पण माझं एक राहून गेलं. फौज येत व्हती आणि आतल्यांना ते कळत नव्हतं. कळायची वाटच मी ठेवली न्हाई. जासूद न्हाई, इशारा न्हाई. ती वाट मी घालते. मग किल्ला राखता यील. राखायला अवघडच जाईल, पण यील."

"आनि पडला तर?" मानसिंगनं विचारलं.

"पडला तर पडला, दादा."

मंडपात कुजबुज झाली. मानसिंगनं खिशातून कागद काढला. पोलिसांत द्यायची तक्रार. खेळावर बंदी आणावी म्हणून. त्यावर मंडळाची सही हवी होती. त्यानं तो तात्यांपुढं धरला.

"सही करा, तात्या. अध्यक्ष तुमी हाय."

तात्यांनी कागद वाचला. सावकाश, अगदी शेवटपर्यंत. मग परत दिला.

"मी करत न्हाई."

"मग अध्यक्ष ऱ्हाऊ नगा."

"बरं," तात्या म्हणाले. ते उठले, भैरोबाला हात जोडले आणि घराकडं चालू लागले. वाटेत नंदाजवळून जाताना थांबले. "तुजा खेळ मला आवडलेला न्हाई," ते म्हणाले. "त्या पोराच्या ओठाला काय तरी लाव."

पुढं काय झालं ते सांगतो. मानसिंगनं मंडळाच्या दुसऱ्या लोकांच्या सहीनं तक्रार दिली. पोलिसांनी नंदाला आणि कुणालला दोनदा बोलावलं, जबाब घेतले. नंतर ते प्रकरण तसंच पडून राहिलं. विश्रामबागेतल्या जागेच्या मालकानं मात्र फुटलेल्या दाराचं निमित्त करून त्यांना जागा सोडायला लावली. दोन मुलं नोकरी सोडून गेली. आता त्यांचं ऑफिस मिरज रस्त्याला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आहे आणि दिवसभर खालून लेथचा आवाज येतो.

खेळ ठरल्यापेक्षा उशिरा आला, कारण नंदानं वेढ्याचं काम जवळजवळ नव्यानं केलं. आता बाहेरच्या फौजेला खबर पाठवता येते, आतल्यांना ती पोचवता येते. समोरच्या डोंगरावर जाळ करता येतो. खबर नेणारा जासूद वाटेत मारला जाऊ शकतो. खबर खोटी असू शकते, आणि एकदा खोटी ठरली की पुढची खरी खबरही आतली माणसं मानत नाहीत. हा शेवटचा नियम तिला सगळ्यांत जास्त छळून गेला. खेळणारे तिला लिहितात की तोफांपेक्षा त्यांना शांततेची भीती वाटते, काहीच खबर येत नाही त्या फेऱ्यांची. भैरवकडा कधी टिकतो, कधी पडतो. खेळ बऱ्यापैकी चालला. फार मोठं काही झालं नाही. सध्या ती तहांवर काम करते आहे आणि ते काम तिला लढाईपेक्षा अवघड वाटतं.

तात्यांचं अध्यक्षपद गेलं, आणि त्याबरोबर दसऱ्याला किल्ल्यावर पहिली मशाल पेटवायचा मानही गेला. तो मान त्यांच्या घरात त्यांच्या आजोबांपासून होता.

मागच्या दसऱ्याला नंदा कडव्याला आली. बोलावणं नव्हतं. दुपारी सगळा गाव किल्ल्याकडं निघाला तेव्हा ती तात्यांबरोबर मागून हळूहळू चढत राहिली. वर बालेकिल्ल्यावर मानसिंगनं मशाल पेटवली. खालून नुसता धूर दिसला आणि चांगभलंचा गजर ऐकू आला. तात्या चालता चालता थांबले, वर बघितलं आणि पुन्हा चालायला लागले. शेवटच्या पायऱ्या खड्या आहेत आणि त्यांचा गुडघा आता साथ देत नाही. नंदानं त्यांचा दंड धरला.

त्यांनी तो सोडवून घेतला.

"चढतो मी," ते म्हणाले. "तू फुडं बघ, शेवाळ हाय."